तेरावी कोण?

रीमिक्स नावाच्या एडिटरमध्ये सॉलिडिटी या भाषेतलं एखादं फंक्शन फसलं की खाली लाल अक्षरांत एक निवेदन उमटतं. त्याचा मराठीतला सारांश असा: व्यवहार रद्द झाला असून सगळं पूर्वस्थितीत आणून ठेवलं आहे. टीप, पैसे पाठवत असाल तर फंक्शन 'पेएबल' असावं आणि पाठवलेली रक्कम तुमच्या शिल्लकीपेक्षा कमी असावी. तुम्ही एक दमडी पाठवली नसली तरी ही टीप येते. चूक अ‍ॅरेच्या इंडेक्समध्ये असली तरीही येते. सरकारी कचेरीतल्या खिडकीवरचा माणूस अर्ज न वाचताच 'झेरॉक्स जोडा' म्हणतो, त्याच आत्मविश्वासाने येते. आणि रांगेतली माणसं जशी निमूटपणे झेरॉक्स काढायला जातात, तशीच नवशिकी पोरं आज्ञाधारकपणे फंक्शनच्या माथ्यावर 'पेएबल' चिकटवतात. एरर तसाच राहतो. फक्त आता फंक्शन पैसेही स्वीकारतं.

मी दुसऱ्यांची स्मार्ट कॉन्ट्रॅक्टं वाचून पोट भरतो. नुसती यादीची लांबी सांगणारं फंक्शन पैसे घ्यायला हात पसरून उभं असलेलं मी पाहिलं आहे. आत टाकलेले पैसे बाहेर काढायची सोय मात्र कुणी केलेली नव्हती. लिहिणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "सर, रीमिक्सनेच सांगितलं."

या धंद्याची पार्श्वभूमी थोडक्यात. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे इथेरियमसारख्या ब्लॉकचेनवर चढवलेला प्रोग्रॅम. एकदा चढवला की सहसा त्यात काना-मात्राही बदलता येत नाही. त्याच्या प्रत्येक पावलाला 'गॅस' नावाचं भाडं पडतं. काम झालं तरी भाडं, न झालं तरी भाडं. इथेरियम २०१५ च्या जुलैत सुरू झालं आणि तेव्हापासून भाड्यावरून कुरकुर चालू आहे.

त्यातला अ‍ॅरे म्हणजे साधी यादी. साधी म्हणूनच घात करते. मॅपिंग, स्ट्रक्ट, इनहेरिटन्स वगैरे जड मंडळी समोर आली की माणूस चष्मा पुसून नीट बघतो. यादी दिसली की म्हणतो, यात काय असणार! यात असं असतं की यादी शून्यापासून सुरू होते आणि तिच्याशी गाठ पडणारा प्रत्येक माणूस एकपासून मोजतो.

आमच्या हाफिसात डोंबिवलीहून आलेला एक मुलगा आहे. हुशार आहे, फक्त घरच्या प्रत्येक गोष्टीवर ब्लॉकचेन लावून बघायची त्याला खोड आहे. त्याची आत्या भिशी चालवते. बारा जणी, महिना दोन हजार, ज्या बाईचा नंबर तिला चोवीस हजार. नंबर चिठ्ठ्या टाकून ठरतो. फक्त पहिला नंबर आत्याचा, कारण भिशी चालवायचा व्याप तिचा आणि मान तिचा. वहीत बारा नावं, बारा रकाने. वीस वर्षं झाली, हिशेब कधी चुकलेला नाही. म्हणजे सुधारणेला इथे काडीचाही वाव नव्हता. पण भाचा म्हणाला, "आत्या, आपण हे चेनवर नेऊ. पूर्ण पारदर्शक."

आत्या म्हणाली, "आमचं काय अपारदर्शक आहे? वही टीव्हीखाली असते. कुणीही बघावी."

तरी भाचा लाडका, त्यामुळे 'आधी खोट्या पैशांत करून दाखव' या अटीवर परवानगी मिळाली. खोट्या पैशांची व्यवस्था चांगली आहे. सरावासाठी वेगळ्या साखळ्या असतात, त्यांना टेस्टनेट म्हणतात, आणि इथेरियमवाल्यांनी त्यांची नावं रेल्वे आणि मेट्रोच्या स्टेशनांवरून ठेवली आहेत. रॉप्स्टेन आणि रिंकबी ही स्टॉकहोमची, कोवान सिंगापूरचं, सेपोलिया अथेन्सचं. मुंबईत २०१७ साली मॅटिक नावाने निघालेल्या आणि पुढे पॉलिगॉन झालेल्या साखळीने तर आपल्या टेस्टनेटला थेट 'मुंबई' म्हटलं होतं. ही मुंबई एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी 'अमॉय' आलं. डोंबिवलीचं नाव अजून कुणी दिलेलं नाही. गर्दी झेपेल का याची चाचणी घ्यायची असेल तर याहून चांगलं स्टेशन मिळायचं नाही, पण तो विषय वेगळा.

टेस्टनेटवरचे खोटे इथर 'फॉसेट' नावाच्या नळावर फुकट मिळतात. हल्ली कित्येक नळ म्हणतात की आधी तुमच्या खात्यात थोडे खरे इथर दाखवा, मग खोटे देऊ. या व्यवहारावर आत्याने जे भाष्य केलं ते मी इथे देत नाही.

तर भिशीचं कॉन्ट्रॅक्ट तयार झालं. बायकांच्या फोनमध्ये वॉलेटं आली, बारा पत्ते यादीत गेले, भाच्याने 'भिशी-रुपये' नावाचं टोकनही काढलं. महिन्याऐवजी बटण. बटणाशेजारी नंबर लिहायचा आणि दाबायचं. आत्याने वही उघडून पहिलं नाव पाहिलं, १ लिहिलं, दाबलं. काम झाल्याचा हिरवा टिकमार्क आला. आत्याच्या वॉलेटात काही आलं नाही.

"अरे, मला नाही आले."

"टेस्टनेट आहे आत्या, वेळ लागतो."

२ दाबलं, ३ दाबलं. हिरवे टिकमार्क येत राहिले. प्रत्येक वेळी कुणाचं ना कुणाचं वॉलेट वाजत होतं आणि ती बाई खुशीत होती. अकरापर्यंत सगळं बिनबोभाट झालं. १२ लिहून दाबलं आणि लाल अक्षरं आली. पॅनिक, झीरो एक्स ३२.

आता डीबगिंग सुरू. बारावा नंबर फसला म्हणून संशय सरळ बाराव्या काकूंवर गेला. त्यांचा फोन जुना, वायफाय कमी, शिवाय त्या स्वभावाने गरीब. त्यांच्याकडून वॉलेट काढून पुन्हा टाकून घेतलं. पासवर्डचे बारा इंग्रजी शब्द त्यांनी गॅसच्या पावतीमागे लिहून घेतले होते, ती पावती सापडेपर्यंत चहा झाला. यादीतला पत्ता पुन्हा भरला. पुन्हा ३२.

दुसऱ्या दिवशी पोरगा माझ्याकडे आला. झीरो एक्स ३२ चा अर्थ सोपा आहे: यादीत नसलेली जागा मागितलीत. सॉलिडिटीच्या ०.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० च्या डिसेंबरपासून, अशा चुकांना ठरलेले आकडे आले. ११ म्हणजे गणित मर्यादेबाहेर गेलं, १२ म्हणजे शून्याने भागलंत, ३१ म्हणजे रिकाम्या यादीतून काढायला गेलात, ३२ म्हणजे हद्द ओलांडलीत. हे आकडे सोळाच्या पायावर मोजलेले, त्यामुळे एखादं अवजार त्याच ३२ ला ५० म्हणून दाखवतं आणि माणूस पन्नास नंबरची चूक शोधत बसतो. पण त्याआधीचा काळ याहून कठीण होता. तेव्हा हद्द ओलांडली की यंत्र बिनशब्द आपटायचं आणि जाताना उरलासुरला सगळा गॅसही खाऊन टाकायचं. आता निदान उरलेलं भाडं परत मिळतं.

बारा नावांची यादी शून्य ते अकरा अशी असते. बारावी जागा नाहीच. हे पोराला कळायला एक सेकंद लागला आणि याचा पुढचा अर्थ कळायला आणखी काही. मग त्याचा चेहरा पडला. १ लिहिल्यावर पैसे दुसऱ्या बाईला गेले होते, २ लिहिल्यावर तिसरीला, ११ लिहिल्यावर बाराव्या काकूंना. म्हणजे ज्यांचा फोन आपण उलटापालटा केला त्यांना पैसे आधीच मिळाले होते. बाकी दहा जणींनाही मिळाले होते, एकेक नंबर आधी. वेळेआधी पैसे आले म्हणून ओरडणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. कोरडी राहिली ती फक्त आत्या, आणि ती पहिल्या मिनिटाला तेच सांगत होती.

इथेच माझं या एररांविषयीचं मत झालं आणि अजून बदललेलं नाही. एरर आला ती चूक बाराव्या वेळची नव्हती, ती पहिल्या वेळेपासूनची होती. अकरा वेळा यंत्राने हसतमुखाने चुकीचं काम केलं आणि बाराव्या वेळी नकार दिला म्हणून निदान कळलं तरी. लोक शिव्या घालतात त्या नकाराला. माझी तक्रार त्या अकरा हिरव्या टिकमार्कांबद्दल आहे.

पोराने उपाय काढला. पुष्कळ जण काढतात तोच: यादीच्या शून्याव्या जागी एक रिकामा पत्ता कोंबून ठेवायचा, मग सगळ्या जणी आपोआप एकपासून सुरू. रिकामा पत्ता म्हणजे सगळी शून्यं असलेला पत्ता. तो कुणाचाच नाही, तरी त्याच्या नावावर लोकांनी चुकून किंवा मुद्दाम पाठवलेले हजारो इथर पडून आहेत. नवं कॉन्ट्रॅक्ट चढलं. आत्याने स्क्रीन बघितला. वर लिहिलं होतं, एकूण सभासद १३.

"ही तेरावी कोण?"

"कोणी नाही आत्या. ती आपली सोयीसाठी आहे."

"सोयीसाठी? मग तिचा हप्ता कोण भरणार?"

प्रश्न तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होता. हप्ते गोळा करणारं लूप शून्यापासून निघालं, सगळ्यात आधी त्या तेरावीच्या दारात गेलं, तिच्याकडे दोन हजार मागितले आणि तिथेच आडवं झालं. शून्य पत्त्याकडून किंवा त्याच्याकडे पैसे हलवायला बहुतेक टोकनं नकार देतात. लूपमध्ये एक पाऊल चुकलं की आधीची-नंतरची सगळी पावलं रद्द, त्यामुळे बारापैकी एकीचाही हप्ता जमा झाला नाही. पुढे लूप एकपासून सुरू केलं तर तिसऱ्याच बाईच्या वॉलेटात दोन हजारांना शंभर कमी निघाले, पुन्हा सगळं रद्द. आत्या म्हणाली, "शंभर मी पुढच्या महिन्यात घेते तिच्याकडून, त्यात काय!" ही ओळ सॉलिडिटीत लिहिता येते, पण भलतीच लांब होते.

मग चौथ्या नंबरची बाई नाशिकला बदली झाली म्हणून भिशीतून निघाली. अ‍ॅरेतून माणूस काढणं हे स्वतंत्र प्रकरण आहे. 'डिलीट' म्हटलं तर पत्ता जातो आणि खुर्ची तशीच राहते, म्हणजे आता दोन शून्यं झाली आणि यादीची लांबी जैसे थे. यावरचा रूढ तोडगा असा की शेवटच्या सभासदाला उचलून रिकाम्या खुर्चीत बसवायचं आणि शेवटची खुर्ची काढून टाकायची. खर्च कमी, काम फत्ते. पोराने तसं केलं. बाराव्या काकू चौथ्या नंबरवर आल्या.

चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या नंबरांना हात लावायचा नसतो, हे पुस्तकांत कुठे लिहिलेलं नसतं, ते डोंबिवलीत कळतं. पाचव्या नंबरच्या बाईने ग्रुपवर 'अभिनंदन काकू 🙏' एवढाच मेसेज टाकला आणि भाच्याला जेवण गेलं नाही. यंत्राच्या दृष्टीने हा एररच नव्हता, ना ३१ ना ३२. क्रम शाबूत ठेवायचा तर मागच्या सगळ्यांना एकेक घर पुढे सरकवायचं, आणि दर सरकण्याला भाडं. आत्या वहीत नावावर एक रेघ मारते.

उलटं मोजायला गेलात तरी सुटका नाही. शेवटून सुरुवात करून शून्यापर्यंत यायचं लूप लोक मोठ्या हौसेने लिहितात, अट घालतात 'आय शून्याहून मोठा किंवा शून्याइतका असेपर्यंत'. इथला आय कधी ऋण होऊच शकत नाही. त्यामुळे अट कधीच खोटी ठरत नाही. तो शून्यावर येतो, आणखी एक वजा करायला जातो आणि ११ नंबरचा पॅनिक देतो.

मेटामास्कसारखं वॉलेट खरं तर आधीच इशारा देतं. त्यामागच्या लायब्ऱ्या आधी कोरडी फेरी मारून पाहतात आणि म्हणतात, गॅसचा अंदाज लागत नाही, व्यवहार फसू शकतो किंवा तुम्हीच मर्यादा ठरवा. यातलं पहिलं अर्ध कुणी वाचत नाही. दुसरं वाचून लोक गॅसची मर्यादा वाढवतात, व्यवहार दामटून पाठवतात आणि खऱ्या पैशांत फसतात. चूक शोधायला हार्डहॅट नावाच्या अवजारात कोडच्या आत छापायच्या ओळी पेरता येतात. फाउंड्री या दुसऱ्या अवजारात चाचणी चालवताना पुढे 'व्ही' हे अक्षर जोडायचं, आणि जितके व्ही जास्त तितकं ते मोकळेपणाने बोलतं. दोन व्हींना हळूच काहीतरी पुटपुटतं, तीन झाले की कुठे फसलं ते सांगतं, पाचव्याला सगळं ओकतं. रात्री उशिरा हाफिसात बसलेल्या माणसाची मनःस्थिती त्याने किती व्ही टाकलेत त्यावरून ओळखता येते.

वाढत्या यादीचा किस्सा मी पोराला मुद्दाम सांगितला. २०१६ साली इथेरियमवर 'गव्हर्नमेंटल' नावाची उघड-उघड पिरॅमिड स्कीम होती. नव्याचे पैसे जुन्याला, आणि बारा तास कुणी नवा गिऱ्हाईक आला नाही तर शेवटच्या माणसाला जमलेला गल्ला. एकदा खरंच बारा तास कुणी आलं नाही. गल्ल्यात सुमारे ११०० इथर होते. विजेत्याने हक्क सांगितला आणि व्यवहार फसला. कारण बक्षीस देणाऱ्या त्याच व्यवहारात कॉन्ट्रॅक्ट घेणेकऱ्यांची जुनी यादी पुसत होतं, कोडमध्ये हे अगदी निरागस दिसतं, आणि यादी इतकी लांबली होती की पुसायला ५०,५७,९४५ गॅस लागत होता. त्या वेळी एका व्यवहाराची कमाल मर्यादा होती ४७,१२,३८८. म्हणजे पैसे होते, विजेता होता, कायदा विजेत्याच्या बाजूने होता, फक्त पाटी पुसता येत नव्हती. हे ऐकून पोराने लूपमधून पैसे वाटायचं सोडलं आणि ज्याने त्याने येऊन आपले घेऊन जावेत अशी रचना केली. आत्याला ती मुळीच पटली नाही. पैसे घरी नेऊन द्यायचे आणि चहा घ्यायचा, हा भिशीचा अर्धा हेतू आहे.

हे सगळे अडणारे एरर. न अडणाऱ्याचा नमुना पाहायचा तर २०१८ चा एप्रिल. 'ब्यूटीचेन' या टोकनात एकाच वेळी अनेकांना पैसे पाठवायचं एक फंक्शन होतं. घेणाऱ्यांची यादी द्या, प्रत्येकी किती ते सांगा. लिहिणाऱ्याने यादी रिकामी नाही ना ते तपासलं होतं, वीसपेक्षा जास्त नावं नाहीत ना तेही तपासलं होतं, खात्यात एकूण रकमेइतकी शिल्लक आहे का तेही तपासलं होतं. फक्त एकूण रक्कम काढताना नावांची संख्या गुणिले प्रत्येकी रक्कम हा गुणाकार साधा, उघडा केला होता. एका भामट्याने दोन नावं दिली आणि प्रत्येकी रक्कम दोनाचा २५५ वा घात, म्हणजे ७७ आकडी संख्या. दोनने गुणल्यावर झाला दोनाचा २५६ वा घात, जो आकड्यासाठी ठेवलेल्या डब्यात मावत नाही, आणि डबा सांडून उरलं शून्य. यंत्राने विचारलं, खात्यात शून्य आहेत का? आहेत. मग दोघांना ७७ आकडी रक्कम वाटून टाकली. एररचं नावही नाही, हिरवा टिकमार्क. एक्स्चेंजांना व्यवहार थांबवावे लागले. पुढच्याच ओळींतली वजाबाकी आणि बेरीज मात्र सुरक्षित पद्धतीने केलेली होती, हे वाचताना मला फार वाईट वाटतं. आज ०.८ मध्ये तोच गुणाकार ११ नंबरचा पॅनिक देऊन थांबला असता, आणि कुणीतरी वैतागून फंक्शनला 'पेएबल' लावलं असतं.

अडणारा एरर बरा, या माझ्या लाडक्या मताला एक भोक आहे आणि ते ११,५३९ इथरचं आहे. एप्रिल २०२२ मध्ये 'अकुटार्स' या एनएफटीच्या लिलावात ज्यांनी जास्त पैसे भरले त्यांना फरक परत द्यायचा होता. परतावा ओळीने एकेकाला. कुणीतरी आधी मुद्दाम असा बोली लावणारा घुसवला जो पैसे घेतच नाही, त्याबरोबर सगळी रांग तुंबली. मग त्यानेच साखळीवर निरोप लिहिला की हे तुमची चूक दाखवण्यासाठी होतं, आणि आपली अडवणूक काढून घेतली. परतावे झाले. आता टीमने आपले पैसे घ्यायचे. त्याची अट अशी होती की परतावा पुरा झालेला आकडा एकूण बोलींइतका हवा. एका बाजूला माणसं मोजली होती आणि दुसऱ्या बाजूला त्यांनी मागितलेले नग, आणि कित्येकांनी एकाहून जास्त नग मागितले होते. दोन्ही आकडे कधीच जुळणार नाहीत. तेव्हाच्या भावाने सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर. उपद्रवी माणसाने घातलेलं कुलूप निघालं आणि मालकाने घातलेलं राहिलं. यात तर हद्दही कुणी ओलांडलेली नाही. फंक्शन कधीही हाक मारा, ते दोन्ही आकडे समोर ठेवून बघतं, नाही म्हणतं, सगळं पूर्वस्थितीत आणून ठेवतं आणि आपलं भाडं कापून घेतं.